मोबाइलमधला पुरावा कोर्टात टिकतो का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. पूर्वी पक्षकार यायचा तो कापडी पिशवी घेऊन. तीत इसारपावती, घड्या पडलेला स्टॅम्पपेपर आणि पोस्टाच्या पोचपावत्या असायच्या. आता तो खुर्चीवर बसायच्या आधीच मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "साहेब, सगळं यात आहे." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मोबाइलमध्ये असणं वेगळं आणि कोर्टाच्या रेकॉर्डवर येणं वेगळं. या दोहोंमधल्या वाटेत काय काय अडतं, याबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. तुमच्या प्रकरणातले बारकावे मात्र तुमच्या वकिलालाच विचारा.

व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून चालतात की नाही?

चालतात. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला त्याने तेव्हाच कागदाच्या पंक्तीला बसवलं. पुराव्याचा नवा कायदा, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, १ जुलै २०२४ पासून आला. त्यात तर दस्तऐवजाच्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक नोंदी धरल्या आहेत. "मोबाइलचं कोर्टात काही चालत नाही" असं पारावर कुणी सांगितलं तर ते सोडून द्या. भांडण असतं ते मेसेज कुठून आला, कुणी लिहिला आणि मधल्या काळात त्याला कुणाचा हात लागला का, यावर.

मग मी स्क्रीनशॉटची रंगीत प्रिंट दिली, ती का नाकारली?

कारण स्क्रीनशॉट ही प्रत आहे. कागदाच्या जगात मूळ आणि नक्कल यांतला फरक डोळ्यांना दिसतो. शाई, सही, शिक्का, खाडाखोड, कागदाचं वय यावरून सराईत कारकूनसुद्धा अंदाज बांधतो. मोबाइलमधल्या फाइलची शंभरावी प्रत पहिलीसारखीच हुबेहूब असते. शिवाय गैरसोयीचे मेसेज आधी उडवून मग स्क्रीनशॉट काढला, तर काय गेलं ते उरलेल्या चित्रात दिसत नाही. मेव्हण्याचा नंबर सावकाराच्या नावाने सेव्ह करून दोघांनी मिळून गप्पा मारल्या, की सावकाराची कबुली तयार! हे करायला हॅकर लागत नाही, नववीतला मुलगा पुरतो.

म्हणून कायदा म्हणतो की यंत्र स्वतः बोलू शकत नाही, तर त्याच्या वतीने एखाद्या माणसाने सही करून जबाबदारी घ्यावी. जुन्या कायद्यात हे कलम ६५ ब होतं, आता ते ६३ झालं आहे. कोर्टाच्या आवारात मात्र अजून सगळे "पासष्ट बी"च म्हणतात आणि आणखी दहा वर्षं म्हणतील.

हे पासष्ट बीचं प्रमाणपत्र नेमकं काय असतं? ते नसलं तर काय होतं?

ही नोंद कोणत्या उपकरणातून आली, ते उपकरण कुणाच्या ताब्यात होतं, ते नीट चालत होतं का, प्रत कशी काढली, हे सांगणारं लेखी निवेदन म्हणजे हे प्रमाणपत्र. ते किती गरजेचं, यावर सर्वोच्च न्यायालयाने बरीच वळणं घेतली. २००५ मध्ये संसद हल्ला प्रकरणात प्रमाणपत्राशिवाय फोन कॉलच्या नोंदी स्वीकारल्या. २०१४ मध्ये केरळच्या एका निवडणूक खटल्यात सांगितलं की प्रमाणपत्र हवंच. २०१८ मध्ये पुन्हा थोडी ढील दिली. हा गुंता शेवटी सुटला तो आपल्या जालन्याच्या प्रकरणात.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल पडले. गोरंट्याल यांच्या बाजूचं म्हणणं असं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ उलटून गेल्यावर घेतला गेला. आता हे सिद्ध कसं करायचं? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते. चित्रीकरण सरकारी होतं, त्याच्या सीडीही मिळाल्या. पण प्रमाणपत्र द्यायला अधिकारी तयार होईनात. अर्जावर अर्ज केले, हाती काही आलं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने संबंधित अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत जे निघालं त्याचा आधार घेऊन नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला निकाल दिला. प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ फोन किंवा लॅपटॉपच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तोच प्रमाणपत्र देत नसेल, तर पक्षकाराने कोर्टाकडे अर्ज करावा, कोर्ट ते मागवेल. हातात होतं ते सगळं करूनही ते मिळालं नाही, तर त्याचा दोष पक्षकाराच्या माथी मारता येणार नाही. गोरंट्याल यांना या शेवटच्या मुद्द्याचा फायदा मिळाला आणि खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. निकाल येईपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती, हा भाग निराळा. पण आज देशातल्या कुठल्याही कोर्टात मोबाइलचा पुरावा आला की जालन्याचं हे प्रकरण वाचलं जातं.

नव्या प्रमाणपत्रात 'हॅश व्हॅल्यू' मागतात. ते काय प्रकरण आहे?

हा फाइलचा अंगठा समजा. एखादी फाइल ठरावीक गणिती रीतीतून घातली की अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ मिळते. एसएचए २५६ ही रीत वापरली तर ती ६४ चिन्हांची असते. फाइल तीच असेल तर ओळ दर वेळी तीच येते. फाइलमधला एक अनुस्वार जरी हलला तरी ओळ पार बदलते.

नारायणराव पेशव्यांच्या वेळची 'ध चा मा'ची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. १७७३ साली 'धरावे'चं 'मारावे' झालं आणि शनिवारवाड्यात खून पडला, असं सांगतात. खरंखोटं इतिहासकार जाणोत. पण त्या पत्राची हॅश व्हॅल्यू लिहिणाऱ्याने आधीच टिपून ठेवली असती, तर गारद्यांना निदान एवढं कळलं असतं की पत्र निघालं तसं पोचलेलं नाही. अक्षर कुणी बदललं, हे मात्र हॅश सांगत नाही. तेवढ्यासाठी तपास लागतोच.

प्रमाणपत्रावर तज्ज्ञाची सही हवी म्हणतात. तालुक्याला तज्ज्ञ कुठून आणायचा?

हा प्रश्न पक्षकारांपेक्षा वकीलच एकमेकांना जास्त विचारतात. नव्या कायद्याच्या परिशिष्टात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. 'अ' भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने. हेतू चांगला आहे. पण ज्याचा दावाच चाळीस हजारांचा, त्याने तज्ज्ञाला काय द्यायचं? फौजदारी प्रकरणात पोलिस मुद्देमाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवतात, मुंबईत ती कालिन्याला आहे. दिवाणी दाव्यात मात्र खर्च आणि धावपळ दोन्ही पक्षकाराची. माझं मत विचाराल तर कायदा करणाऱ्यांनी इथे दिल्ली-मुंबईची कोर्टं डोळ्यांसमोर ठेवली. लहान दाव्यात शक्य असेल तिथे मी मूळ फोनच हजर करण्याचा मार्ग धरतो.

मेसेज त्याच्याच नंबरवरून आला आहे. तरी तो "मी नाही पाठवला" म्हणू शकतो?

म्हणू शकतो, आणि म्हणतोच. साक्ष्य अधिनियमाचं कलम ९० सांगतं की जो संदेश यंत्रात घातला गेला तोच पलीकडे पोचला, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. पण तो पाठवला कुणी, हे गृहीत धरता येणार नाही. फोन त्याचा, सिम बायकोच्या नावावर, आणि मेसेज कदाचित दुकानातल्या पोऱ्याने टाकलेला! घरोघरी हीच तऱ्हा असते, त्यामुळे हा बचाव अगदी पोकळ नसतो.

तोडगा जुनाच आहे, तो म्हणजे आजूबाजूचा पुरावा. त्या मेसेजनंतर त्याने पैसे पाठवले का? मेसेजात असं काही आहे का, जे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं? त्याच दिवशी तो तुमच्या घरी आला होता का? किर्द-खतावणीच्या काळापासून कायदा हेच सांगत आला आहे. व्यापाऱ्याच्या वहीतली नोंद ग्राह्य असते, पण केवळ तिच्या जोरावर कुणावर देणं लादता येत नाही. मोबाइलला वेगळा न्याय का मिळावा?

फोनवरचं बोलणं त्याला न सांगता रेकॉर्ड केलं. ते चालेल का?

पुरावा म्हणून चालू शकतं. या विषयातले गाजलेले निकाल महाराष्ट्रातूनच गेलेले आहेत. मुंबईच्या एका कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, लाच मागितल्याचा आरोप होता आणि फोनवरचं बोलणं टेप केलेलं होतं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टेप ग्राह्य धरली. आवाज ओळखता आला पाहिजे, बोलणं विषयाशी संबंधित हवं आणि टेपमध्ये काटछाट नको, या कसोट्या आजही लागू आहेत. जुलै २०२५ मध्ये तर पती-पत्नीच्या वादात एकाने गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही विचारात घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

एवढं वाचून उद्यापासून घरात सगळ्यांचं रेकॉर्डिंग सुरू करू नका. आणि दुसऱ्याच दोन माणसांचं बोलणं चोरून ऐकणं हा पूर्ण वेगळा विषय आहे. त्यात तुम्हीच आरोपी व्हाल.

मित्राला हातउसने पैसे यूपीआयने दिले, कागद केला नाही. आता तो म्हणतो भेट होती.

माझ्याकडे येणाऱ्या दर चार माणसांत एक हा असतो. यूपीआयची नोंद पैसे गेले एवढंच सिद्ध करते, का गेले ते नाही. म्हणून पाठवताना शेरा लिहायची जी रिकामी जागा येते, तिथे "हातउसने, परत दिवाळीला" असं लिहायची सवय लावा. लोक तिथे फुलं आणि हात जोडलेली चित्रं टाकतात.

पैसे देऊन झाले असतील तर मेसेजमधून विषय काढा. त्याने "पुढच्या महिन्यात बघतो" एवढं लिहिलं तरी भेटीची गोष्ट लंगडी पडते. मात्र मुदतीकडे लक्ष असू द्या. साध्या उसनवारीला पैसे दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. देणं कबूल केल्याने मुदत नव्याने सुरू होते, पण मुदत कायद्याच्या कलम १८ ला त्या कबुलीवर सही लागते आणि ती कबुली जुनी मुदत संपायच्या आत हवी. व्हॉट्सॲपच्या मेसेजला सही मानायचं का, यावर पलीकडचा वकील दिवसभर बोलेल. त्याला ती संधी देऊच नका, कागदावर सही घ्या.

नुसत्या ईमेलवर किंवा मेसेजवर व्यवहार पक्का होतो?

होतो. ऑस्ट्रेलियाहून बॉक्साइट आणण्याचा एक मोठा सौदा फक्त ईमेलवर ठरला होता. औपचारिक करारावर सह्या झाल्या नव्हत्या, म्हणून एका बाजूने अंग काढून घेतलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार झालाच आहे असं ठरवलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० अ चाही अर्थ तोच, की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार मोडीत निघत नाही.

कॅनडात २०२३ मध्ये याच्याही पुढची मजा झाली. धान्य खरेदीदाराने जवसाच्या सौद्याच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवला. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला, म्हणजे अंगठ्याचं चित्र. पुढे भाव चढले आणि माल आला नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे फक्त 'मिळालं'. कोर्ट म्हणालं, दोघांमधले आधीचे सौदेही असेच 'ओके' किंवा 'हो' एवढ्यावर ठरत आलेत, तेव्हा हा अंगठा म्हणजे सहीच. ८२,००० कॅनेडियन डॉलरांहून जास्त भरपाई त्याच्यावर बसली. आपल्याकडे अंगठा म्हणजे सही हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यामुळे आडतदाराच्या ग्रुपवर तो जरा जपून दाबा.

कोणते कागद अजून मोबाइलवर होत नाहीत?

मृत्युपत्र आणि न्यास, म्हणजे ट्रस्टचा दस्त. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हे वगळलेले आहेत. वडिलांनी व्हिडिओत "शेत धाकट्याला" म्हटलं, तरी ते मृत्युपत्र होत नाही. त्याला कागद, सही आणि दोन साक्षीदार लागतात. साधं कुलमुखत्यारपत्रही कागदावरच करावं लागतं, २०२२ नंतर त्यात सवलत आहे ती काही वित्तीय संस्थांपुरती.

भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, महाराष्ट्रात घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो. आणि तो नोंदवायलाच हवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज कुठून पसरला देव जाणे.

व्हॉट्सॲपवर नोटीस आली. उघडली नाही तर चालेल?

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीडीएफ करून पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण संदेश पोचल्याच्या आणि जोडलेली फाइल उघडल्याच्या खुणा दिसत होत्या. पूर्वी बेलिफ दिसला की लोक मागच्या दाराने निघून जायचे. निळी टिक बंद करून ठेवणं हा त्याचाच नवा अवतार आहे. नोटीस खरी वाटत असेल तर उघडा आणि मुदतीत उत्तर द्या. टाळाटाळ करून एकतर्फी हुकूम ओढवून घेतलेले लोक नंतर दुप्पट खर्च करतात.

मी ग्रुपचा ॲडमिन आहे. कुणी काही आक्षेपार्ह टाकलं तर मला पकडतील?

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्याच्या मेसेजबद्दल ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. दोघांनी संगनमत केल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी.

याच ओघात लोक विचारतात की फेसबुकवर मत लिहिलं म्हणून अटक होते का. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल लिहिलं म्हणून पालघरमध्ये दोन मुलींना अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्या संतापातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ ला, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणाऱ्या कलमाला, आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पण मेलेलं कलम पोलिसांच्या फॉर्ममध्ये जिवंत राहिलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. तुमच्याविरुद्धच्या फिर्यादीत ६६ अ दिसलं तर वकिलाला लगेच दाखवा. बदनामी, धार्मिक तेढ यांची कलमं मात्र शाबूत आहेत.

खात्यातून पैसे गेले. आधी पोलिसांकडे जाऊ की बँकेत?

आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. जायचं कुठेच नाही, बसल्या जागेवरून फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि वेळेत कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवून ठेवता येतात. त्यानंतर बँकेला लेखी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक दोघांचीही नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तरी शून्य. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात कुठेही नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला आणि पैसे मागितले, की तो चोर आहे. इथे दुसरी शक्यताच नाही.

अपघात समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात आला आहे. केव्हा मागू?

आज. डिस्क भरली की नवं चित्रीकरण जुन्यावर चढतं, आणि दुकानदाराला त्याचं सोयरसुतक नसतं. लेखी अर्ज द्या, त्यावर त्याची पोच घ्या, पोलिसांना कळवा. तेवढ्याने भागलं नाही तर जपून ठेवण्याचा हुकूम कोर्टाकडून मागा. पेनड्राइव्हवर प्रत मिळाली तर त्याच वेळी त्याच्याकडून प्रमाणपत्राच्या 'अ' भागावर सही घेऊन टाका. सहा महिन्यांनी तो दुकान विकून नाशिकला गेलेला असतो.

दावा चालू आहे, पण फोन जुना झाला. एक्सचेंजमध्ये देऊ का?

नका देऊ. माझ्या एका पक्षकाराने दिवाळीच्या ऑफरमध्ये फोन बदलला आणि दोन हजार वाचवले. त्या फोनात साडेतीन लाखांची कबुली होती. निकाल लागेपर्यंत, आणि मग अपिलाची मुदत संपेपर्यंत, फोन तसाच ठेवा. फॉरमॅट करू नका, स्वतःच्या सोयीचे नसलेले मेसेज उडवू नका. कोर्टात येऊ नये म्हणून पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि फोनबरोबर त्याचा चार्जरही जपा. एकदा साक्षीच्या दिवशी फोन सुरूच होईना. जुन्या जाड पिनचा चार्जर शोधत आमचा कारकून अख्खा बाजार फिरला, आणि तो परत येईपर्यंत कोर्टाने पुढची तारीख दिलेली होती.